कारपूल लेनचं तिकीट: भरून टाकायचं, स्वतः लढायचं की वकील करायचा?

कॅलिफोर्नियाच्या फ्रीवेवर कारपूल लेनच्या (एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनच्या) बाजूला पाटी असते: नियम मोडल्यास किमान ४९० डॉलर दंड. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) २३७, ८८० नाहीतर १०१ या फ्रीवेवरून रोज ऑफिसला जाणाऱ्या आपल्या मंडळींना ती पाठ आहे. आता ती इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही लागू झाली आहे. स्टिकर असलेल्या गाडीतून एकट्याने कारपूल लेन वापरायची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्यानंतर ६० दिवस तिकिटं न देण्याची मुभा होती, तीही केव्हाच सरली. बंपरवर स्टिकर अजून चिकटलेला असला तरी कोर्टात त्याचा काही उपयोग नाही.

तिकीट मिळालं की ओळखीतले लोक दोन सल्ले देतात: ‘भरून मोकळा हो’ किंवा ‘वकील कर’. प्रत्यक्षात वाटा चार आहेत, आणि कुठली धरायची हे तिकिटावर लिहिलेल्या कलमावरून ठरतं. म्हणून आधी ते कलम वाचा.

राज्याच्या वाहन कायद्यातलं कलम २१६५५.५ म्हणजे गाडीत पुरेशी माणसं नसताना लेन वापरणं. याचा दंड मोठा असला तरी सर्वसाधारणपणे लायसन्सवर पॉइंट, म्हणजे चुकीची नोंद, पडत नाही. २१६५५.८ म्हणजे दुहेरी रेघ ओलांडून लेनमध्ये शिरणं किंवा बाहेर पडणं. याचा एक पॉइंट पडतो, तो तीन वर्षं रेकॉर्डवर राहतो आणि इन्शुरन्सवाल्यांना दिसतो. लोक दोन्हींना ‘कारपूलचं तिकीट’ म्हणतात, पण पहिल्यात एकदाच पैसे जातात आणि दुसऱ्यात पुढची काही वर्षं हप्ता वाढू शकतो. वकिलाचा विचार करायचा तो मुख्यतः दुसऱ्यासाठी. तिथेही आधी ट्रॅफिक स्कूल (वाहतूक नियमांचा छोटा कोर्स) करता येतं का ते बघा. गेल्या १८ महिन्यांत केलं नसेल तर बहुतेकांना परवानगी मिळते, आणि मग तो पॉइंट इन्शुरन्स कंपनीपासून झाकला जातो. पॉइंटच नसलेल्या तिकिटासाठी मात्र ट्रॅफिक स्कूलची फी भरण्यात काही अर्थ नाही.

भरून टाकणं

गाडीत तुम्ही एकटेच होतात, वेळ कारपूलची होती आणि पाटीही स्पष्ट दिसत होती, तर माझ्या मते भरून टाकावं. उत्पन्न कमी असेल, नोकरी गेली असेल, तर पूर्ण रक्कम निमूटपणे भरू नका. ‘मायसायटेशन्स’ या ऑनलाइन सोयीतून किंवा कोर्टाच्या टीआर-३२० या फॉर्मवर दंड कमी करायची, हप्त्यांची किंवा पैशांऐवजी समाजसेवेची मागणी करता येते. ले-ऑफमध्ये सापडलेल्या किती जणांना हे ठाऊकच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

लेखी सुनावणी

ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे त्याला मी आधी हीच वाट सुचवेन. टीआर-२०५ हा फॉर्म भरायचा, काय घडलं ते आपल्या शब्दांत लिहायचं, फोटो आणि सोबतच्या माणसाचं लेखी निवेदन जोडायचं आणि पाठवायचं. कोर्टात जायला नको, रजा काढायला नको. पोलीस अधिकाऱ्यालाही त्याची बाजू लिहून पाठवावी लागते, आणि दोन्ही कागद वाचून न्यायाधीश निकाल देतात. गुन्हा संशयाला जागा न ठेवता सिद्ध करायची जबाबदारी इथेही सरकारचीच.

अडचण एकच: दंडाची पूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते. जिंकलात तर ती परत मिळते. हरलात तरी निकाल टपालात पडल्याच्या तारखेपासून २० दिवसांच्या आत टीआर-२२० हा फॉर्म भरून नव्याने, प्रत्यक्ष सुनावणी मागता येते, आणि तिथे पहिला निकाल धरला जात नाही. एकाच तिकिटावर दोन संधी मिळतात, हा या वाटेचा खरा फायदा.

खरा बचाव म्हणजे काय? मागच्या सीटवर कार सीटमध्ये झोपलेलं तान्हं बाळ एक प्रवासी म्हणून मोजलं जातं. गडद काचांमुळे ते अधिकाऱ्याला दिसलं नसेल तर गाडीचा, सीटचा फोटो आणि डे-केअरची त्या दिवशीची नोंद जोडा. पोटातलं बाळ मात्र मोजलं जात नाही. पाटी झाडाआड गेली होती, अपघात टाळायला लेन बदलावी लागली, कारपूलची वेळ सुरू व्हायची होती, असे मुद्देही मांडता येतात. २०१३ मध्ये मरिन काउंटीत एका चालकाने शेजारच्या सीटवर आपल्या कंपनीची नोंदणीची कागदं ठेवून ‘कायद्याने कंपनीही व्यक्तीच आहे’ असं म्हटलं होतं. कोर्टाने ते मानलं नाही.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. हा फॉर्म खोटं लिहिल्यास शपथभंगाचा गुन्हा होईल अशा अटीवर सही करून द्यायचा असतो. ‘गाडीत माझा भाऊ होता’ असं खोटं लिहून चारशे-पाचशे डॉलर वाचवायला जाऊ नका. व्हिसावर असलेल्याने तर तसा विचारही करू नये.

स्वतः कोर्टात

‘गुन्हा कबूल नाही’ सांगून तारीख घ्यायची. इथे सहसा आधी पैसे भरावे लागत नाहीत, त्यामुळे ज्यांच्या हातात ४९० डॉलर नाहीत त्यांना ही वाट लेखी सुनावणीपेक्षा सोपी. अधिकारी आला नाही तर तिकीट बहुधा रद्द होतं. पण एक-दोनदा सुट्टी काढावी लागते आणि अधिकाऱ्याला स्वतः उलटे प्रश्न विचारावे लागतात.

वकील

या तिकिटासाठी सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, ज्युरीही नसते. खासगी वकील तुमच्या वतीने उभा राहू शकतो आणि बहुतेक वेळा तुम्हाला जावंच लागत नाही. अधिकाऱ्याच्या नोंदी मागवणं, त्यांतल्या विसंगती पकडणं, कोणता पुरावा अपुरा आहे हे ओळखणं, यात त्याचा अनुभव खरोखर कामाला येतो.

आता हिशेब मांडा. समजा, वकिलाने ३०० डॉलर ठरवले. जिंकलात तर ३०० गेले, म्हणजे वाचले १९०. हरलात तर ७९० गेले. लेखी सुनावणीत जिंकलात तर काहीच गेलं नाही, हरलात तर ४९०. अधिकारी न येण्याची शक्यता वकील असला-नसला तरी तेवढीच. त्यामुळे पॉइंट नसलेल्या पहिल्याच तिकिटासाठी वकील करणं मला पटत नाही.

हिशेब फिरतो तो इतर ठिकाणी. रेकॉर्डवर आधीच पॉइंट आहेत (१२ महिन्यांत चार झाले की लायसन्स धोक्यात येतं), ट्रॅफिक स्कूल नुकतंच वापरलं आहे, पोटापाण्यासाठी ट्रक किंवा टॅक्सी चालवता, किंवा कोर्ट घरापासून पाच-सहा तासांवर आहे, तर वकील करा. कारपूलचं दुसरं-तिसरं तिकीट असेल तरीही करा, कारण वारंवार पकडलं गेल्यास मूळ दंड वाढतो. पैसे देण्याआधी स्टेट बारच्या (वकिलांना परवाना देणाऱ्या राज्य संस्थेच्या) वेबसाइटवर त्या वकिलाचं नाव शोधा. फी एकरकमी आहे का, नव्याने सुनावणी लागली तर तीही त्यातच धरली आहे का, हे लेखी घ्या. काही सेवा फक्त फॉर्म भरून देतात, त्यांत तुमच्या बाजूने उभा राहणारा वकील नसतो.

नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात साइटेशनबद्दल (पोलिसांनी दिलेल्या तिकिटांबद्दल) प्रश्न असतो, म्हणून कुठलीही वाट घेतलीत तरी निकालाचा आणि भरलेल्या पैशांचा कागद जपून ठेवा. काही शंका असेल तर ती इमिग्रेशन वकिलाला विचारा, ट्रॅफिकच्या नव्हे.

एक्स्प्रेस लेनच्या (टोल भरून वापरायच्या लेनच्या) टोलची नोटीस टपालाने आली असेल तर तो टोल वसूल करणाऱ्या फास्टट्रॅकशी मिटवायचा मामला आहे, त्यासाठी कोर्ट लागत नाही. पण गाडीत एकटे असताना टोल टॅगवर ‘३’ (म्हणजे गाडीत तीन माणसं) लावून गेलात आणि हायवे पेट्रोलने थांबवलं, तर वरचं सगळं लागू.

तिकिटावर छापलेली तारीख मात्र चारही वाटांना सारखीच. विचार करायला वेळ हवा असेल तर त्या तारखेच्या आत कोर्टाकडे मुदतवाढ मागा. काहीच न कळवता ती उलटली तर दंडावर आणखी १०० डॉलरपर्यंत आकारणी होऊ शकते.