१३५ मिमी: येनाची सोनार की गोर्लिट्झची ओरेस्टर?

दोन्ही जुन्या टेलिफोटो लेन्स पूर्व जर्मनीच्या, दोन्ही एम४२ आट्यांच्या (कॅमेऱ्यावर फिरवून बसणाऱ्या). एकीकडे कार्ल झाइस येनाची सोनार १३५ मिमी, एफ ३.५ (नावाचा सोन्याशी संबंध नाही, जर्मन भाषेतल्या सूर्याशी आहे). दुसरीकडे मायर-ऑप्टिकची ओरेस्टर १३५ मिमी, एफ २.८. एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे तोंड जास्त उघडते आणि उजेड जास्त येतो, म्हणून आकडा पाहून बरेच जण ओरेस्टरकडे वळतात आणि तिथेच चुकतात.

२.८ आणि ३.५ मध्ये फरक फक्त दोन-तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). शिवाय पूर्ण उघडलेली ओरेस्टर मऊ असते. पांढऱ्या कपड्याभोवती हलकी धुकट झाक येते, उन्हातल्या फांद्यांना जांभळी किनार लागते. कॉन्ट्रास्ट सावरतो तो एफ ४ वर. सोनार ३.५ लाच कामाला तयार असते. जांभळी किनार तिच्यातही दिसते, पण कमी. म्हणजे उजेड कमी म्हणून ओरेस्टर घेण्यात फारसा अर्थ नाही.

ओरेस्टर घ्यायची तिच्या १५ पात्यांच्या अॅपर्चरसाठी (उजेड आत घेणारे, पात्यांनी लहान-मोठे होणारे छिद्र). चेहऱ्यामागे दिव्यांची माळ असेल, तर ४ आणि ५.६ वरही मागचे ठिपके गोलच राहतात. पूर्ण उघड्या लेन्सवर फ्रेमच्या कडेचे गोळे लिंबासारखे चपटे होतात. ४ वर तेही बरेच गोल होतात. सोनारची पाती सहाच, त्यामुळे जरा बंद केली की षटकोन. पार्श्वभूमीसाठी सोनार वापरायची तर ३.५ वरच ठेवावी. तिथे तिची मागची झाडी शांत, एकसंध विरघळते.

जवळच्या फोकसमध्ये मात्र सोनारला तोड नाही. ती १ मीटरपर्यंत येते, ओरेस्टर दीड मीटरवर थांबते. फुल फ्रेमवर याचा अर्थ असा: सोनारच्या चौकटीत सुमारे १९ सेंमी रुंदीचा भाग मावतो, ओरेस्टरच्या चौकटीत ३२ सेंमी. कासच्या पठारावर फुले टिपणाऱ्याचा निर्णय इथेच होतो.

उन्हासमोर ओरेस्टर लवकर फिकी पडते. ५५ मिमी आट्यांचा हूड सोबत घ्याच. ‘एमसी’ लिहिलेल्या सोनारवर बहुस्तरीय कोटिंग असते आणि सरकता हूड अंगातच असतो.

नावांत एक सापळा आहे. १९६८ मध्ये मायर पेंटाकॉन या कॅमेरा कंपनीत विलीन झाली आणि ओरेस्टरच पुढे पेंटाकॉन २.८/१३५ म्हणून विकली गेली. आधीची १५ पात्यांची, प्रीसेट (पाती हाताने रिंग फिरवून बंद करायची). नंतरची ऑटो (फोटो घेताना कॅमेराच पाती मिटतो), सहा पात्यांची. विक्रेते दोन्हींना एकाच कौतुकाने मिरवतात. अॅपर्चर अर्धवट बंद करून समोरून काढलेला फोटो मागा आणि पाती मोजा. उलट ‘औस येना’ (येनाहून) आणि सोनारऐवजी नुसता ‘एस’ लिहिलेली लेन्स नकली समजू नका. झाइस नावाच्या वादामुळे पश्चिमेकडे निर्यात होणाऱ्या नगांवर असे छापले जाई.

सोनारचे नेहमीचे दुखणे म्हणजे पात्यांवर उतरलेले तेल. फोकसच्या जुन्या ग्रीसमधले तेल सुटते, उन्हाळ्यात पसरते आणि पाती चिकटतात. मागची पिन (कॅमेरा हिच्यानेच पाती मिटतो) दाबून सोडा: पाती लगेच मिटली-उघडली पाहिजेत. रेंगाळली तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. प्रीसेट ओरेस्टर हाताने चालते, त्यामुळे थोडे तेल तिला खपते. पण रिंग जड लागली तर जोर लावू नका, पातळ पाती वाकतात.

दोन्हींत मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणातल्या नगांत ती हमखास शोधावी. काच पुसता येते, पण खाल्ले गेलेले कोटिंग परत येत नाही. घरी आणल्यावर ४०-५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा.

मिररलेसवर दोन्ही बिनकाचेच्या अॅडाप्टरने बसतात. सोनारचा खटका ‘एम’वर (मॅन्युअल) ठेवा, खटका नसलेल्या नगाला पिन दाबून धरणारा अॅडाप्टर लागतो. कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा आणि स्टॅबिलायझेशनला १३५ हा आकडा द्या. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर मात्र साध्या अॅडाप्टरने चेहऱ्याच्या अंतरावर काम होते, लांबचे डोंगर फोकसमध्ये येत नाहीत.