फुटबॉलच्या जिवावर की विद्यापीठाच्या तिजोरीवर?

ओहायो स्टेट विद्यापीठात 36 खेळांचे संघ आहेत. तलवारबाजी किंवा नौकानयन पाहायला तिकीट काढणारे थोडेच. घर चालतं ते अमेरिकी फुटबॉलवर. लाखभर प्रेक्षकांचं स्टेडियम, टीव्ही हक्क, देणगीदार, आणि या पैशातून बाकीच्यांचे प्रशिक्षक, प्रवास आणि शिष्यवृत्त्या. कमावता एक, खाणारे अनेक.

हार्वर्डमध्ये खेळ त्याहून जास्त, 42. फुटबॉल तिथंही आहे, पण कर्ता मुलगा म्हणून नाही. हार्वर्ड ज्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात आहे, ती आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. मदत मिळते ती घरची ऐपत पाहून. खर्चाला विद्यापीठाचा निधी आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या. अर्थात एवढी गडगंज तिजोरी किती विद्यापीठांकडे असणार?

ओहायोच्या वाटेचा धोका आता जास्त जाणवतो. खेळाडूंनी लढलेल्या खटल्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं पहिल्या वर्षी सुमारे 2.05 कोटी डॉलर थेट खेळाडूंना देऊ शकतात, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉलपटूंकडे जातो. घाम त्यांचा, त्यामुळे ते न्याय्यच आहे. पण मला काळजी वाटते ती जलतरणपटूंची, कुस्तीगिरांची. अमेरिकेची कितीतरी ऑलिंपिक पदकं याच तलावांतून आणि आखाड्यांतून आली आहेत.