नौपाड्यातील लॅपटॉप-दुरुस्ती : चाचणीचे गुण आणि हाताला जाणवणारा वेग

ठाण्यात नौपाड्यातील गोखले रस्त्यालगतच्या एका लहान दुकानात मी जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (साटा जोडणीची, चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) बसवून घेतली, आणि कामाच्या आधी व नंतर त्यांनी माझ्यासमोर चाचण्या घेतल्या, हे मला फार मोलाचे वाटते. सिनेबेंच या चाचणीचे गुण जवळपास तेवढेच राहिले, कारण ती चाचणी प्रोसेसरचे बळ मोजते. डिस्कचा तिच्याशी फारसा संबंध नाही. तरीही विंडोज सुरू होणे, मोठी फाइल उघडणे ही कामे आता झटपट होतात.

हार्ड डिस्कला विखुरलेली माहिती गोळा करताना फिरत्या तबकडीवरील माहिती वाचणारे हेड सतत हलवावे लागते आणि दर वेळी काही मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नसतो. म्हणून जाहिरातीतील सेकंदाला सुमारे 550 एमबी या सलग वाचनाच्या आकड्यापेक्षा 4 केबीच्या, म्हणजे लहान-लहान तुकड्यांच्या, विखुरलेल्या वाचनाचा आकडा रोजच्या वापराला अधिक जवळचा आहे, आणि दुकानदारांनी तोच आवर्जून दाखवला.

केवळ जाणिवेवर मात्र विसंबू नये, कारण नव्याने विंडोज टाकलेला कोणताही संगणक सुरुवातीला चपळ भासतो. येथे जुनीच विंडोज सर्व फायलींसह नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून दिली, त्यामुळे फरक डिस्कचाच आहे याची खात्री पटली.