"कॅशलेस" कार्ड आणि खारीचे गेलेले तास

कुत्र्यासाठी "कॅशलेस उपचार", "ऑपरेशनचा खर्च शून्य" असं सांगून कोणी तुम्हाला वर्षाचं कार्ड विकत असेल, तर पैसे देण्याआधी हे सगळं वाचा. आमची खारी अशा कार्डापायी मरता मरता वाचली. ती वाचली हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट लक्ष देऊन वाचता येईल.

खारी देशी कुत्री, वय सात-साडेसात, रंग थेट बेकरीतल्या खारीचा. मोठ्या जाऊबाई मुलाकडे बंगळूरला राहायला गेल्या तेव्हा ती आमच्याकडे आली. तिची नसबंदी झालेली नव्हती. आता माज येऊन जाऊ दे, मग दोन-तीन महिन्यांनी करून टाकू, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो, हे रिटायर झालेत, घर पेन्शनवर चालतं. कुत्र्याचं मोठं ऑपरेशन खासगी दवाखान्यात वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातं हे आजूबाजूच्यांकडून ऐकलेलं होतं. नेमक्या अशाच घरांना हे लोक हेरतात.

सोसायटीत रेबीजच्या लसीचं शिबिर होतं. लस टोचणारे डॉक्टर खरे, लस खरी, नोंदवहीही खरी. त्यांच्या टेबलाला लागून दुसरं टेबल होतं, निळे टी-शर्ट घातलेली दोन मुलं, मागे बॅनर. दोन टेबलांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. डॉक्टरांना वाटलं ही सोसायटीची माणसं, सोसायटीला वाटलं ही डॉक्टरांची. वर्षाला ४,९९९ रुपये, ५०,००० रुपयांपर्यंतची ऑपरेशनं कॅशलेस, पुण्यातल्या नावाजलेल्या दवाखान्यांची यादी. पावती दिली, खारीचा फोटो असलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड आठवड्यात घरपोच आलं, मागे हेल्पलाइनचा नंबर. मी त्या नंबरवर फोन लावून पाहिला होता. एका मुलीने उचलला आणि अगदी व्यवस्थित माहिती दिली.

माज संपून महिना-सव्वा महिना झाला असेल. खारी पाणी फार प्यायला लागली. भांडं भरून ठेवलं की रिकामं, आणि घरातच लघवी, जी तिने आमच्याकडे कधीच केली नव्हती. मग एका सकाळी तिने दूधभाताला तोंड लावलं नाही, पिवळं पाणी ओकली आणि मोरीच्या गार फरशीवर जाऊन पडली. पोटाला हात लावला तर टणक, आणि लगेच कण्हली.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस काढले, जेल लावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "काकू, या काळ्या नळ्या दिसतायत ना, एवढ्या जाड? ही गर्भपिशवी आहे. पूर्ण पूने भरलीये. तोंड बंद आहे, म्हणून बाहेर काही दिसलं नाही. आजच काढायला हवी."

याला पायोमेट्रा म्हणतात. ज्यांच्या घरी नसबंदी न झालेली मादी आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा. माज संपल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांत हा आजार दिसायला लागतो. माजानंतरच्या हार्मोनमुळे गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं, त्यात जंतू वाढतात, बहुतेक वेळा ई. कोलाय. गर्भपिशवीचं तोंड उघडं असेल तर मागून घाण वास येणारा स्राव दिसतो आणि माणूस सावध होतो. तोंड बंद असेल तर पू आतच साठत राहतो, विष रक्तात उतरतं, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात, पिशवी फुटूही शकते. भरपूर पाणी पिणं, सारखी लघवी, उलटी, जेवण सोडणं, पोट फुगणं यातलं काहीही माजानंतर दिसलं तर उद्यावर ढकलू नका. गोळ्यांनी बरं होईल म्हणून थांबण्यासारखा हा आजार नाही, गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकणं हाच खात्रीचा इलाज.

ऑपरेशन, भूल, औषधं आणि दोन दिवस ॲडमिट ठेवणं मिळून २६,००० रुपये सांगितले. घरात हाताशी नऊ-दहा हजार होते. मी कार्ड काढलं. काउंटरवरच्या मुलीने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "काकू, हे आमच्याकडे कधी चाललंच नाहीये." यादीत त्यांच्या दवाखान्याचं नाव छापलेलं होतं. त्यांना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केलं आणि तुम्ही तोवर फोन करून बघा म्हणाले.

आता हेल्पलाइनने काय केलं ते सविस्तर सांगते, कारण खरी फसवणूक इथे झाली. पहिल्या रिंगला फोन उचलला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, केस आयडी जनरेट झालाय, फाइल प्रायॉरिटीवर घेतलीये." लगेच मेसेजही आला. मग व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवा. पाठवले. लसीच्या पुस्तकाचं प्रत्येक पान पाठवा. घरी जाऊन आणून पाठवलं. डॉक्टरांच्या लेटरहेडवर खर्चाचा अंदाज पाठवा. तोही पाठवला. प्रत्येक वेळी "मेडिकल टीम बघतेय, वीस मिनिटं". दुपार उलटून गेली. मग एक पीडीएफ आली, शिक्का मारलेली, २६,००० रुपये मंजूर. खाली अट, २५ टक्के परतावा-योग्य डिपॉझिट, म्हणजे ६,५०० रुपये, आधी भरायचे. यूपीआयवर पैसे टाकताना समोर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर "आमचे अकाउंट्स मॅनेजर आहेत". टेबलावर कुत्री निपचित पडलेली, शेजारी सलाईनचा थेंब थेंब, आणि फोनवरचा माणूस म्हणतोय की एवढं भरलं की लगेच ऑपरेशन. अशा वेळी कोणीही पैसे भरेल, आणि तो हे पक्कं ओळखून असतो.

पैसे गेल्यावर सूर बदलला. हा दवाखाना कॅशलेसमध्ये बसत नाही, पेशंटला वाघोलीच्या आमच्या पॅनल सर्जनकडे हलवा, सहाच्या आत पोचला नाहीत तर मंजुरी रद्द होईल आणि डिपॉझिटही बुडेल. सिंहगड रस्ता ते वाघोली, संध्याकाळच्या गर्दीत! डॉक्टर नको म्हणत होते, सलाईन तोडून एवढ्या लांब नेऊ नका. पण मंजुरीचं पत्र हातात होतं आणि घरात तेवढे पैसे नव्हते. शेजारच्या देशपांडे काकांनी गाडी काढली. दिलेल्या पत्त्यावर फर्निचरचं दुकान होतं. दुकानदाराने कार्ड बघून मान हलवली, त्याच्याकडे याआधीही एकजण मांजर घेऊन येऊन गेला होता. हेल्पलाइन आधी उचलेना, मग बंदच. मी खारीचा ओठ वर करून हिरडी दाबून पाहिली. एरवी बोट काढल्याबरोबर रंग परत येतो. तो येतच नव्हता.

परत दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्र झाली होती. डॉक्टर थांबलेले होते, टेबल तयार ठेवलं होतं. "पैशाचं सकाळी बघू" एवढंच बोलले आणि आत गेले. सकाळच्या तपासणीत खारीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतायत हे दाखवणारा रक्तातला आकडा, जेमतेम वरच्या मर्यादेला होतं, ऑपरेशनआधी परत काढलं ते बरंच वाढलेलं निघालं. ऑपरेशन नीट झालं, पण मूत्रपिंडांसाठी तिला नंतरही सलाईन घ्यावं लागलं आणि किडनीसाठीचं वेगळं खाणं आता कायमचं मागे लागलंय. सकाळीच पोट उघडलं असतं तर यातलं किती टळलं असतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरंचसं.

अकरा-साडेअकरा हजार रुपये गेले, ते आम्ही पोटाला चिमटा काढून भरून काढू. माझा राग त्या तासांचा आहे. या लोकांनी नुसतं कार्ड विकून पोबारा केला असता तर मी काउंटरवरूनच भावाला फोन केला असता आणि तासाभरात पैसे आले असते. त्यांनी दिवसभर आम्हाला आशेवर गुंतवून ठेवलं, आजारी जनावराच्या जिवावर आणखी पैसे काढले. याला मी फसवणुकीपेक्षा मोठा गुन्हा मानते.

कागद बारकाईने पाहिला तर पावतीवर "वेलनेस मेंबरशिप" लिहिलं आहे, विमा असा शब्द कुठेही नाही. खरा विमा विकायला विमा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे आयआरडीएआयकडे, कंपनीची नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक आणि त्या पॉलिसीचा स्वतःचा क्रमांक, ज्याला यूआयएन म्हणतात, कागदावर छापलेला असतो. प्राधिकरणाच्या वेबसाइटवर तो पडताळता येतो, १५५२५५ वर फोन करूनही विचारता येतं. कुत्र्याचा विमा आपल्याकडे खरोखर मिळतो, पण त्यात वयाची अट असते, सुरुवातीचा काही काळ आजार धरत नाहीत, लसीकरणाचा दाखला मागतात, आणि बहुतेक वेळा आधी खर्च आपणच करायचा, मग बिलं देऊन पैसे मिळतात. ऑपरेशनच्या टेबलावरून "डिपॉझिट भरा" म्हणणारी विमा कंपनी नसते. आणि यादीत छापलेल्या दवाखान्यांपैकी दोन-तीन ठिकाणी स्वतः फोन करा, कार्डावरच्या नंबरला नव्हे. पहिल्याच फोनला खरं-खोटं कळेल.

पैसे कमी असतील तर इतर वाटा आहेत, आणि त्या मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर फार बरं झालं असतं. पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तसंच मुंबईत परळला, नागपूरला, परभणीला आणि उदगीरलाही. या महाविद्यालयांच्या दवाखान्यांत शिक्षक डॉक्टर असतात आणि दर खासगीपेक्षा पुष्कळ कमी. परळलाच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. मात्र वेळा आधीच विचारून ठेवा, कारण रात्री-अपरात्री सगळीकडे ऑपरेशन होईलच असं नाही. आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, जनावर धडधाकट असतानाच, स्पष्ट विचारा की अचानक मोठा खर्च आला तर हप्त्याने घ्याल का. आमच्या डॉक्टरांनी उरलेले पैसे तीन हप्त्यांत घेतले. मी आता पोस्टात खारीच्या नावाने दरमहा ५०० रुपयांची आरडी सुरू केली आहे.

यूपीआयचे पैसे गेल्याचं कळलं की दुसरा कुठलाही फोन करण्याआधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी समोरच्या खात्यात पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून रात्रीच लावला, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर लेखी तक्रार केली आणि चौकीत अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत बऱ्याच घरांनी हे कार्ड घेतलेलं निघालं, त्यातल्या अनेकांची जनावरं ठणठणीत आहेत म्हणून त्यांना अजून पत्ताच नव्हता. आम्ही सगळे मिळून एक तक्रार करतो आहोत. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका. पावतीचा फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर, एवढं आजच एका ठिकाणी काढून ठेवा आणि तुमच्या भागातल्या चौकीत अर्ज द्या.