वेगवान सर्व्हिससाठी चिकट रबर: मराठवाड्याच्या धुळीत आठ महिने

टेबल टेनिसच्या बॅटवरचं रबर: 39 अंश कडकपणाचा स्पंज, जाडी 2.15 मिमी, वरचा थर चिकट. असं रबर फोरहँडला आठ महिने वापरलं, आठवड्याला चार दिवस, मुख्यतः लांब वेगवान सर्व्हिससाठी. वेग हवा म्हणून घेणार असाल तर थांबा. कडक स्पंज आपणहून काहीच फेकत नाही. वाढतो तो बॉल टेबलावर पडण्याचा भरवसा.

नेट 15.25 सेंमी उंच आणि त्यापलीकडे टेबल फक्त 137 सेंमी. नुसता सपाट ठोकलेला बॉल जास्त वेगात गेला की थेट बाहेर जातो. थोडा टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) असला की तोच बॉल नेट ओलांडून खाली वळतो. हे रबर मनगटाच्या छोट्या झटक्यातही तेवढी फिरकी देतं, त्यामुळे हात मोकळा सोडता येतो.

पण पहिला टप्पा चुकला तर कुठलंच रबर वाचवत नाही. तो आपल्याकडच्या मागच्या कडेपासून 15 सेंमीच्या आत पडायला हवा. तिथे खडूने पट्टा आखून घ्या. टॉस, म्हणजे बॉल हातातून वर उडवणं, नियमाप्रमाणे किमान 16 सेंमी, आणि बॉल खाली येताना नेटच्या उंचीला किंवा त्याहून थोडा खाली आला की मारायचा. टेबलाच्या पातळीखाली मात्र नाही, तो फॉल्ट. छातीजवळ मारलेला बॉल पहिल्या टप्प्यावरच उंच उसळतो आणि समोरच्याला आयता मिळतो. बॅट अंगठा आणि तर्जनीत धरा, बाकीची तीन बोटं सैल. मूठ आवळली की मनगट अडकतं, मग खांद्याने ढकललं जातं आणि बॉल नेटमध्ये जातो. सुरुवात कर्णाने करा: सरळ रेषेत 274 सेंमी मिळतात, कर्णात जवळपास 314. दहापैकी आठ बसेपर्यंत वेग वाढवू नका. कर्ण बसला की समोरच्याच्या बॅट धरलेल्या हाताच्या कोपरावर मारा, फोरहँड की बॅकहँड हे ठरवण्यातच त्याचा वेळ जातो. परत येणारा बॉलही लांब आणि वेगात येतो, म्हणून सर्व्हिस होताच अर्धं पाऊल मागे.

आता आपल्याकडचा खरा त्रास. पत्र्याच्या हॉलमध्ये काळ्या मातीची बारीक धूळ सतत असते आणि चिकट रबर ती ओढून घेतं. अर्ध्या तासात पकड जाते, बॉल घसरतो, सर्व्हिस लांब जाऊ लागते आणि आपण उगाच हाताला दोष देतो. दर दोन-तीन गेमनंतर ओलसर स्पंजने पुसा. बोअरच्या पाण्याने नको, त्यातल्या क्षारांचा पांढुरका थर बसतो. जारचं पाणी बरं. एप्रिल-मे मध्ये कूलरसमोर सराव केला तर रबरावर दमट थर येतो, तोही तितकाच घसरडा. बॉल 2.7 ग्रॅमचा, कूलरच्या झोताने वाट सोडतो ते वेगळंच. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅट ठेवली तर कडेचा गोंद सुटतो.

पाचव्या महिन्यापर्यंत बॅट बॉलवर दाबून उचलली की बॉल क्षणभर चिकटून यायचा. आता येत नाही. लांब सर्व्हिसला अजून चालतं, आखूड बॅकस्पिनला (उलट्या फिरकीच्या सर्व्हिसला) मात्र फरक जाणवतो, आणि तिथेच खरं नुकसान आहे: आखूड सर्व्हिसचा धाक नसेल तर वेगवान सर्व्हिसची समोरचा आधीच वाट बघत असतो. स्पर्धेआधी बदलायचं असेल तर दोन आठवडे आधी बदला. नवं रबर जास्त पकडतं, सवय होईपर्यंत बॉल नेटमध्ये जातो.