लघवी अडकते, पण कारण सापडत नाही: नळी, औषध की चिंतेवरील उपचार?

तपासण्यांत काही सापडले नाही आणि ‘हे चिंतेमुळे असावे’ असे डॉक्टरांनी सांगितले, की रुग्णासमोर परस्परांशी फारसे साम्य नसलेले तीन-चार मार्ग उभे राहतात. त्यांपैकी कोणता आधी धरायचा हे ठरवताना दोन गोष्टी माहीत असायलाच हव्यात: लघवी करून आल्यानंतर लगेच केलेल्या सोनोग्राफीत मूत्राशयात किती लघवी शिल्लक दिसते, आणि घरी, एकांतात, कसलीही घाई नसताना ती मोकळेपणाने होते का.

चिंतेने लघवी अडकू शकते, याला शरीरशास्त्राचा आधार आहे. भीतीच्या वेळी शरीरात स्रवणाऱ्या नॉरएड्रेनॅलिन या रसायनाच्या प्रभावाने मूत्राशयाचे तोंड आवळले जाते, त्याची भिंत सैल राहते आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही नकळत घट्ट होतात. त्यामुळे कारण मनाशी जोडलेले असले तरी त्रास खरा असतो, हे घरच्यांनीही समजून घ्यावे. मात्र केवळ दुसरे काही सापडले नाही म्हणून त्रासावर चिंतेचा शिक्का मारणे मला मान्य नाही. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, ॲलर्जीवरील जुनी औषधे, ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामके, तीव्र बद्धकोष्ठ आणि मधुमेहामुळे मज्जातंतूंना झालेली इजा यांचा विचार आधी झाला पाहिजे. तरुण स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या फाउलर सिंड्रोममध्ये मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू सैलच होत नाही, आणि साध्या सोनोग्राफीत ते कळत नाही. त्यासाठी मूत्राशयातील दाब व लघवीचा प्रवाह मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी आणि स्नायूंची विद्युत तपासणी लागते.

शिल्लक लघवी वारंवार ३०० मिलीच्या वर जात असेल, तर स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत आधी शिकावी, असे मी ठामपणे सांगेन. अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञ (युरोलॉजिस्ट) जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर रूढ आहे. ज्यांना स्वतःहून लघवी होतच नाही, त्यांना साधारणपणे दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालावी लागते आणि एका वेळी ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त लघवी साचू द्यायची नसते. ज्यांना थोडीफार होते, त्यांना कमी वेळा पुरते. नळीची सवय लागून मूत्राशय दुबळे होईल, ही भीती अनेकांना वाटते, पण मूत्राशय दुबळे होते ते वारंवार प्रमाणाबाहेर ताणले गेल्याने. जंतुसंसर्ग आणि मूत्रमार्गाची जळजळ हे धोके आहेतच, परंतु कायम आत ठेवलेल्या नळीच्या तुलनेत संसर्गाचा धोका सहसा कमी असतो. शिवाय ‘आता नाही झाली तर काय’ या धास्तीचे निश्चित उत्तर हाती असल्याने काहींची चिंताही उतरते.

याउलट, घरी लघवी नीट होते, शिल्लक जवळपास काहीच नसते आणि अडचण फक्त सार्वजनिक स्वच्छतागृहात किंवा दाराबाहेर कोणी थांबलेले असताना येते, तेव्हा नळीची सहसा गरज नसते. तेथे वर्तनोपचार हाच पहिला मार्ग आहे. भरपूर पाणी पिऊन सर्वांत सोप्या जागेपासून सुरुवात करायची, विश्वासातल्या माणसाला दूर उभे करायचे आणि सरावागणिक ते अंतर कमी करत न्यायचे, असे त्याचे स्वरूप असते. याला काही आठवडे ते महिने लागतात, आणि तेवढ्या काळात तुंबलेल्या मूत्राशयाचे रक्षण हा उपचार करू शकत नाही. म्हणूनच घरीही लघवी अडकत असेल तर केवळ याच्यावर विसंबू नये. चिंतेसाठी गोळ्या सुरू होणार असतील, तर लघवीचा त्रास मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगावा, कारण ॲमिट्रिप्टिलीनसारख्या नैराश्यावरील औषधाने लघवी अधिकच अडकू शकते.

ज्यांना कुंथून लघवी करावी लागते आणि तपासणीत तळाचे स्नायू त्या वेळी आवळलेले दिसतात, त्यांना ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी व बायोफीडबॅक (स्नायूंचा ताण यंत्रावर पाहून तो आवरायला शिकणे) उपयोगी पडतात. येथे शिकायचे असते ते स्नायू सैल सोडणे, बळकट करणे नव्हे. टॅमसुलोसिन हे औषध मूत्राशयाचे तोंड सैल करते आणि काही पुरुषांना त्याचा लवकर गुण येतो, पण उभे राहताना चक्कर येऊ शकते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध घेत असल्याचे नेत्रतज्ज्ञांना सांगावे लागते. माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंना विद्युत उत्तेजन देणारे उपकरण फाउलर सिंड्रोममध्ये चांगले फळ देऊ शकते. मात्र ती शस्त्रक्रिया आहे आणि आधी तात्पुरती तार बसवून उपयोग होतो का ते पाहिले जाते.

लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट दुखू लागले, गुदद्वार आणि जांघांभोवती बधिरपणा आला, पाय लुळे पडू लागले, शौचावरचा ताबा गेला किंवा थंडी वाजून ताप आला, तर तुलना करत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

एरवी ३०० मिलीच्या वर शिल्लक असणाऱ्यांनी नळी आणि चिंतेवरील उपचार एकाच वेळी सुरू करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. किती प्यायलो, स्वतःहून किती लघवी झाली आणि नळीने किती निघाली, याची मिलीमध्ये नोंद ठेवावी. नळीने निघणारी लघवी सातत्याने १०० मिलीच्या खाली राहू लागली, की ती वही युरोलॉजिस्टना दाखवून नळीच्या वेळा कमी करण्याचे ठरवता येते.