पहिली एअर रायफल: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मुलीसाठी पहिली रायफल निवडताना अर्धस्वयंचलित (दर बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) बंदुकीचा विचार आम्ही लगेच सोडला, कारण आपल्याकडे सामान्य माणसाला तिचा परवाना मिळणे जवळपास अशक्य आहे. शिकारीवर तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बंदीच आहे, आणि पेंच-ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना ती पटायलाच हवी. म्हणून सीताबर्डीतील एका दुकानातून ४.५ मिलिमीटर बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची), नळी दुमडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल घेतली. छर्रा सुटतानाची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या अशा रायफलीला शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही.

दुकानदारांनी ती खांद्याला लावून, नळी दोन-चारदा दुमडून पाहू दिली, हे फार मोलाचे ठरले, कारण मुलीच्या हाताला ती झेपते का, हाच खरा प्रश्न होता. मात्र पुढच्या माशीचा (नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या खुणेचा) स्क्रू सैल निघाला आणि तो घट्ट करेपर्यंत नेम सतत डावीकडे जात राहिला. स्प्रिंगचा झटका मागे-पुढे दोन्हीकडे बसतो. रायफल आवळून धरली की छर्रे विखुरतात, तळहातावर नुसती टेकवली की दहा मीटरवर रुपयाच्या नाण्यात मावतात. स्पर्धेतील लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, त्यासाठी ही पुरणार नाही. सरावाला मात्र मी निःशंकपणे सुचवेन.